कातरण मागायचं होतंस

दादा, तुझ्या तेरवीला जेवायला आलेला एकेक माणूस मला सांगून गेला, की अंबादास काम करता करता गेला, असं मरण भाग्यवंतालाच येतं. मी सगळ्यांच्या पानात वाढत होते. वरण वाढताना पळी जरा जोरात आपटली, एवढंच. कसलं भाग्य आणि कसलं काम! मोटारीच्या एका दाराची आतली बाजू. बसणारा माणूस तिथे कोपर टेकतो, त्यापलीकडे तिचा जगाला काही उपयोग नाही. तेवढ्यासाठी तू जीव दिलास आणि मला खरं कारणही सांगितलं नाहीस.

मला तुझा राग आला आहे. पवनारला धाम नदीत राख सोडली तेव्हाही होता, पण तेव्हा रडू जास्त होतं. परवा खाटेखाली झाडताना गोणपाटात गुंडाळलेली ती वस्तू सापडली आणि आता नुसता रागच उरला आहे. तूच मला फर्मे आखायच्या खडूने फळीवर अक्षरं गिरवायला शिकवलंस, तेव्हा माझं लिहिलेलं तुला ऐकावंच लागेल.

भाऊसाहेबांची मोटार आपल्या अंगणात आली तो दिवस आठव. शेषराव ड्रायव्हर आंजीहून ती जपून हाकत आला होता, मागे धुळीचा लोट आणि धुळीत सगळ्या आळीची पोरं. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून भाऊसाहेबांनी ती कापसाच्या जिनाच्या कोठारात उभी केली होती. ती तिथेच राहिली. पुढे मालगुजारी गेली, मोटार राहिली. शेषरावाने इंजिन कसंबसं चालू केलं, पण चारही दारांच्या आतले पुठ्ठे वाळवीने खाल्ले होते. बोट लावलं की माती गळायची आणि वरचं चामडं नुसतं लोंबत होतं. भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला याच मोटारीतून सासरी पाठवायची, असा त्यांचा हट्ट होता. गावात मालगुजार म्हणून आता कोणी मुजरा करत नव्हतं, निदान मुलीची पाठवणी तरी जुन्या थाटात व्हावी, असं असेल.

भाऊसाहेब स्वतः मागून बैलांच्या दमणीत आले. अंगणात टाकलेल्या खाटेवर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. तुला वरून खाली पाहून हसले आणि म्हणाले, "अंबादास, तुह्या बापाचे जोडे म्या पायात घातले हायेत. भल्ले मजबूत. पण त्याले ना डावा ना उजवा, कोणताही पाय कोणत्याही जोड्यात घाला. मोटारीच्या दाराचं तसं नसते बरं का गा!"

शेषराव हसला. पोरं काही न कळता हसली. तूही हसलास. मी आत शिवणाच्या मशीनवर बसले होते, मला तुझे लाल झालेले कान तेवढे दिसत होते.

दादा, त्यात लाजण्यासारखं काय होतं? बाबा पवनारच्या बाजारात तेच जोडे विकायचे. एकाच साच्याचे दोन, अगदी सारखे. लोक रोज पाय बदलून घालायचे, म्हणजे टाच एका अंगाने झिजत नाही. त्यात बाबांना काही कमीपणा वाटायचा नाही. पण तुला वाटायचा. दुकानावर 'मोटार कुशनचे काम' अशी पाटी लावलीस त्या दिवसापासून तू जोड्यांचं नाव काढलं नाहीस. रेक्झिन मात्र बाबांच्याच चामडं कापायच्या रापीने कापायचास, आणि गिऱ्हाईक दिसलं की ती रापी पेटीत टाकायचास. मी पाहायचे आणि मनात हसायचे. आता हसू येत नाही.

काम तू फार सुंदर केलंस, हे मला रागातही म्हणावं लागतं. वाळवीने जुना पुठ्ठा ठेवलाच नव्हता, त्यामुळे माप घ्यायला काही नव्हतं. तू उघड्या दाराच्या पत्र्यावर खाकी कागद लावलास आणि तळहाताने घासत राहिलास. काच फिरवायच्या हँडलचं भोक, कडीचं भोक, कडा, सगळं कागदावर उमटलं. पुढच्या दाराचा एक फर्मा, मागच्या दाराचा एक. मागच्या दाराला खालून चाकाच्या कमानीपुरता गोल घास कापलेला असतो, तो तू किती वेळा तपासलास. पुठ्ठ्याऐवजी तू पातळ प्लायवूड घेतलंस. त्यावर पिंजलेल्या कापसाचा थर दिलास, आपल्या वर्ध्याच्याच कापसाचा, आणि वरून नागपूरहून आणलेलं डाळिंबी रेक्झिन. रेक्झिनवर उभ्या शिवणी माझ्या. मी सरळ चौकोनी तुकडे शिवून तुझ्या हातात द्यायचे, मग फर्म्याप्रमाणे कापून फळीवर सरसाने चिकटवायचं काम तुझं. आपलं असंच ठरलेलं होतं, बाबा कापायचे आणि आई शिवायची तसं.

शिवायचे चार चौकोनी तुकडे कापून झाल्यावर रेक्झिनचा एक मोठा पट्टा उरला. तो तू माझ्या मांडीवर टाकलास आणि म्हणालास, "घे व, मशीनले झाकण कर. धूळ बसून राह्यली तिच्यावर." कातरण शिवणाऱ्याचं, हा बाबांच्या दुकानाचा कायदा. कापणाऱ्याने ते परत मागायचं नाही. मागायचं ते एकाच वेळी, त्याची स्वतःची रापी चुकली तर. बाबांची चुकायची अधूनमधून. मग ते आईपुढे हात पसरून हसत बसायचे, "दे ना वं लक्ष्मी, माही रापी आंधळी झाली!" आई मुद्दाम सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतकं हसायची आणि मग द्यायची. ते तुला लहानपणापासून आवडायचं नाही.

तीन दारं झाली, बसली. तू मागच्या सीटकडे वाकून एकेका शिवणीवरून बोट फिरवलंस. "तुह्या हाताले तोड नाई, चंद्रे," म्हणालास. कोणी ऐकत नव्हतं म्हणून म्हणालास, पण म्हणालास. ते मी विसरले नाही.

चौथ्या दाराच्या दिवशी मी सिंदी मेघेला एका बारशाला गेले होते. परत आले तर मागचं उजवं दार तसंच उघडं, पत्र्याचं, आणि तू ओट्यावर डोकं धरून बसलेला. विचारलं तर म्हणालास, "माल सडका निघाला. ओढला अन् टरकला. त्या नागपूरवाल्यानं दगा दिला." मी त्या दुकानदाराला, त्याच्या बायकोला, त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. तू ऐकत बसलास. एकदाही म्हणाला नाहीस, की जाऊ दे. नागपूरला जाणाऱ्या एका मेकॅनिकजवळ तू नव्या रेक्झिनचा निरोप दिलास आणि आपण वाट पाहू लागलो.

आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या पोटात दुखायला लागलं.

आधी तू ओवा मागितलास. मग उकळलेलं पाणी. मग काहीच मागेनास. उजव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडून राहिलास, अंग तापलेलं, पोटात घोटभर पाणी टिकेना. मी म्हटलं, दवाखान्यात चाल. तू म्हणालास, वायू आहे. मी म्हटलं, वायूने माणूस असा पांढरा पडत नाही.

"शेषरावले सांगावा धाडतो मी," मी म्हटलं. "मोटार चालू हाय. त्यातच बसून जाऊ."

"त्याइच्या मोटारीत? आपण?"

"मंग काय झालं? चारी दारं तुह्याच हातची हायेत."

"तीन," तू म्हणालास. एवढ्या तापातही हिशेब चुकला नाहीस. "तीनच हायेत. अन् उघड्या दारानं मोटार रस्त्यावर काढू? लोक पाह्यतीन. म्हणतीन, अंबादासले जमलं नाई. कापड येऊ दे. दार बसवतो, मंग तू म्हणशीन तिथं येतो."

"मोटार नाई तं टांगा आणतो. दार राहू दे तसंच."

"अन् भाऊसाहेबाचा माणूस आला तं? तो म्हणन, दार अर्धं टाकून पयाला. नाई. दार झाल्याबिगर मी इथून हालत नाई."

"काऊन असा जीवावर उठला तू त्या दारासाठी? मरशीन ना गा!"

"मरत नाई इतक्यात."

मी तुला काय काय बोलले! हट्टी म्हटलं, भित्रा म्हटलं, आई असती तर तुझ्या पाठीत लाटणं घातलं असतं म्हटलं. मग मला एकदम सुचलं. मी ट्रंकेतून तो डाळिंबी पट्टा काढला आणि तुझ्या छातीवर टाकला. "हे घे. पुरते हे. आत्ताच्या आत्ता शिवणी टाकून होते. दार होईन, मंग तं चालशीन?"

तू पट्टा हातात घेतलास. पाहिलास. कितीतरी वेळ पाहिलास. मग त्याची घडी केलीस आणि माझ्या हातात परत ठेवलीस. "ते तुहं हाय, चंद्रे. भावानं बहिणीच्या कातरणावर हात टाकू काय? झाकण कर म्हणलं ना तुले. तेच कर."

आणि मी मूर्खासारखी विरघळले. मला नवऱ्याच्या घरून परत आले तो दिवस आठवला. हातात एक गाठोडं आणि कपाळावर खोक. सगळ्या नात्यागोत्याने खोदून खोदून विचारलं, काय झालं, कोणाचं चुकलं. तू एक अक्षर विचारलं नाहीस. आठवड्याच्या आत मशीन घेऊन आलास, ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालास, हिला तेल रोज लागते. बस, एवढंच. त्या मशीनवर मी पुन्हा माणूस झाले. म्हणून तू कातरण परत दिलंस तेव्हा मला वाटलं, हाच माझा दादा, मरणाच्या दारातही बहिणीचा तुकडा घेणार नाही. डोळे भरून आले. त्यानंतर त्या दुपारी मी तुझ्याशी भांडले नाही. तेवढी एक दुपार भांडले असते तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं पोट फळीसारखं कडक झालं होतं आणि तुझ्यात नाही म्हणायचीही ताकद नव्हती. मी टांगा आणला. टांग्यात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तू दात खात होतास. फाटकातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं, तर मोटार अंगणात उभी होती, चालण्याजोगी, रिकामी. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, की आतडं फुटलं आहे, दुखायला लागलं तेव्हाच आणायचं होतं. तू त्या संध्याकाळी गेलास. शेवटी काही बोलला नाहीस. बोलशील असं मला वाटत होतं, म्हणून मी कान तोंडाशी नेऊन बसले होते.

आता खाटेखालच्या गोणपाटाचं सांगते.

त्यात चौथं दार होतं, म्हणजे त्याचं आतलं रेक्झिनचं अंग. फाटलेलं नाही, उसवलेलं नाही. पूर्ण झालेलं, घट्ट ओढलेलं, कडा सुबक मुडपलेल्या, इतकं सुंदर की चारांत तेच सरस. मला आधी काही कळेना. मग मी ते उचलून मोटारीच्या उघड्या दाराला लावलं. चाकाच्या कमानीचा घास भलत्याच बाजूला आला. पलीकडे गेले, डाव्या दाराला लावून पाहिलं, तर तंतोतंत. तू दोन डावी दारं केली होतीस, दादा. उजव्या दारासाठी कागदी फर्मा उलटायचा राहिला. एवढी मापं घेऊन, एवढं तपासून, हात मात्र बाबांच्या वळणावर गेला. एका साच्याचे दोन, अगदी सारखे. ना डावा ना उजवा.

मी मोटारीच्या पायरीवर बसले आणि सगळं माझ्या ध्यानात आलं. रेक्झिन सडकं नव्हतंच. माल खराब निघाला असता तर कातरण घ्यायला तुला कसली लाज होती? तो काही कापणाऱ्याचा दोष नव्हे. पण रापी तुझी चुकली होती, आणि कातरण घेणं म्हणजे ते कबूल करणं. माझ्यापुढे! ज्या बहिणीच्या कपाळावरची खोक तू न विचारता झाकलीस, तिच्यापुढे तुला एवढंसं म्हणवेना, की चंद्रे, माझं चुकलं. तुला वाटलं मी हसेन. हसले असतेच. आईसारखी, आळीला ऐकू जाईल इतकी हसले असते, आणि मग शिवायला बसले असते.

ते कातरण तू मायेने परत दिलंस की लाजेने, हे मला आता कधीच कळणार नाही. कधी वाटतं, दोन्ही असेल. कधी वाटतं, मायेचं नाव सांगून तू मला फसवलंस, आणि मी तुझ्या पायाशी बसून ओल्या डोळ्यांनी फसले. हे तुला माफ करायला मला फार वेळ लागेल.

आणि सगळ्यात जास्त जळतं ते हे. फळी दोन्ही अंगांनी सारखीच असते ना रे! मी रेक्झिन सोलून काढलं, कापूस झटकला, फळी पालथी केली आणि दाराला लावली. हँडलचं भोक हँडलपाशी, कडीचं कडीपाशी, घास चाकाच्या कमानीवर. जिथल्या तिथे. फक्त वरचं रेक्झिन वाया गेलं होतं, कारण त्याला पालथी बाजू नसते. मी माझ्या कातरणावर उभ्या शिवणी घातल्या, तुझ्याच खडूने आखलं, बाबांच्या रापीने कापलं, सरस तापवला. जेवण आटोपून बसले होते, दिवेलागणीला दार लागलं. एका दुपारचं काम. त्या कामापायी तू मेलास. नागपूरचं कापड अजून आलेलं नाही. आता कळतं, की तो रंग त्यांच्याकडे संपला आहे. म्हणजे तू ज्याची वाट पाहत होतास ते येणारच नव्हतं.

काल भाऊसाहेब मोटार न्यायला आले. लग्न तोंडावर आलं आहे. चारही दारं उघडून मिटून पाहिली, मागच्या उजव्या दाराला कोपर टेकून जरा बसले. मग खाली उतरून म्हणाले, "मले नुसतं कळवलं असतं तं मोटार दिली असती, बाई. त्यात काय!" असतीही दिली. आता म्हणायला काय जातं! माझ्या तोंडावर आलं होतं, की तुमच्या त्या हसण्याने तो आधीच अर्धा मेला होता. पण ते तरी कितपत खरं? ते हसले आणि विसरून गेले. जपून ठेवलंस तू.

मग ते सहज म्हणाले, "काम सुरेख झालं. पण या एका दाराले एवढा उशीर काऊन लागला, बाई, त्याले?"

शेषराव माझ्याकडे पाहत होता. दादा, गोणपाट आतच पडलेलं होतं. एक वाक्य बोलले असते तर मनातलं सगळं मोकळं झालं असतं. तुझ्यावर सूड घ्यायची इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. बाबांच्या जोड्यांवर भाऊसाहेब पुन्हा एकदा हसले असते, आणि या वेळी लग्नघरी, सगळ्या पाहुण्यांपुढे.

"माल सडका निघाला," मी म्हटलं. "नागपूरवाल्यानं दगा दिला."

तुझंच खोटं, शब्दाला शब्द. बोलताना माझी जीभ अडखळली नाही. भाऊसाहेबांनी मान हलवली, व्यापाऱ्यांच्या जातीला एक शिवी दिली आणि मोटारीत बसले. मोटार आंजीच्या रस्त्याला लागली आणि अंगण एकदम मोठं दिसायला लागलं.

तुझं चुकलेलं रेक्झिन मी टाकलं नाही. सोलताना थोडं ताणलं गेलं, पण शिवणी शाबूत आहेत. त्याला कडेने पट्टी लावली आणि मशीनवर घातलं. मशीनला डावं-उजवं नसतं, त्यामुळे नीट बसलं. माझं झाकण असं झालं. आज सकाळी एक गादी शिवायला आली म्हणून ते उचललं, तर आतल्या अंगाला सरसात उमटलेला तुझा अंगठा दिसला. मी त्याच्यावर माझा अंगठा ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, रिकाम्या घरात, ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं:

"कातरण मागाले काय झालतं गा तुले, दादा? देतच होती ना मी."